कलावंत : एका शब्दाचे स्थलांतर

जपानी भाषेतील ‘गेइशा’ हा शब्द दोन चित्राक्षरांनी लिहिला जातो. पहिल्याचा अर्थ कला. दुसऱ्याचा अर्थ ती अंगी असलेली व्यक्ती. या शब्दाचे मराठीत भाषांतर करावयाचे झाले तर नवा शब्द घडवावा लागत नाही. ‘कलावंत’ हा शब्द तयारच आहे. केवळ अर्थ जुळतो एवढ्यावर हे साम्य थांबत नाही. कारण गोमंतकात ‘कलावंत’ हे दीर्घकाळ सामान्यनाम नव्हते. देवालयाशी बांधलेल्या, गायन आणि नर्तन हा ज्यांचा कुळधर्म मानला जाई अशा स्त्रियांच्या एका समाजाचे ते नाव होते. आज चित्रकाराला, नटाला, वादकाला आपण आदराने कलावंत म्हणतो, आणि तसे म्हणताना त्या स्त्रियांची आठवण सहसा कोणाला होत नाही. जपानात मात्र ‘गेइशा’ हा शब्द अजूनही त्याच व्यवसायातील स्त्रियांचा राहिला आहे. एकाच अर्थाच्या दोन शब्दांच्या वाट्याला इतकी वेगळी भवितव्ये का आली, याचे उत्तर दोन्हीकडच्या शिक्षणपद्धतीत आणि त्या शिक्षणाची किंमत कोणी मोजली यात शोधावे लागते.

आरंभीचे गेइशा पुरुष होते. एदो काळातील परवानाधारक रंगवस्त्यांमध्ये मेजवानीच्या वेळी गाणारे, ढोल वाजविणारे, विनोदी संभाषणाने पाहुण्यांना रिझविणारे ते कलाकार. अठराव्या शतकाच्या मध्याला स्त्रिया या व्यवसायात उतरल्या आणि काही दशकांतच त्यांनी पुरुषांना मागे टाकले. १७७९ मध्ये एदोच्या योशिवारा वस्तीत गेइशांची स्वतंत्र नोंदणी करणारे कार्यालय सुरू झाले. गेइशांनी तेथील गणिकांच्या व्यवसायात वाटेकरी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, कलेवर उपजीविका करणारी स्त्री ही गणिकेहून निराळी आहे, असे एका दप्तरात लिहिले गेले. पुढील दोन शतकांचा गेइशांचा दावा या नोंदीवर उभा आहे.

या व्यवसायाचे शिक्षण घरात होई. मात्र ते घर जन्माचे नसे. ‘ओकिया’ नावाच्या घरात मुलगी दाखल होई, आणि त्या घराच्या मालकिणीला ‘आई’ म्हणे. जुन्या काळी अशा मुली सहासात वर्षांच्याही असत. प्रथम झाडलोट, निरोप पोहोचविणे, थोरल्यांची वस्त्रे सांभाळणे; नंतर बैठकीत कोपऱ्यात बसून नुसते पाहणे; आणि त्यानंतर क्योतोमध्ये ‘माइको’ म्हणजे उमेदवार नर्तकी म्हणून प्रवेश. शामिसेन हे तीन तारांचे वाद्य, हाताने वाजवायचे लहान ढोल, बासरी, गायन, नृत्य, चहाचा विधी यांचे धडे चालू राहत. माइकोला एक थोरली बहीण नेमून दिली जाई. तांदळाच्या मद्याचे पेले विधिपूर्वक परस्परांना देऊन हे बहिणीचे नाते जुळे, आणि थोरलीच्या नावातील एक चित्राक्षर धाकटीच्या नावात येई. काही वर्षांनी लाल गळपट्टी जाऊन पांढरी येई; मग ती पूर्ण गेइशा. नावातील अक्षरांचा धागा धरून एका घरातील स्त्रियांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या मागे नेता येते.

या रचनेची दुसरी बाजू कर्जाची होती. किमोनो, अलंकार, गुरूंची दक्षिणा, खाणेपिणे या सर्वांचा हिशेब घराच्या वहीत मुलीच्या नावावर चढे, आणि तो फिटेपर्यंत तिची कमाई घराची असे. अनेक मुलींना गरीब आईबापांनी पैसे घेऊन स्वाधीन केलेले असे. महायुद्धापूर्वी पुष्कळ ठिकाणी मुलीच्या कौमार्याचाही सौदा होई. तिचा खर्च उचलणाऱ्या आश्रयदात्याला ‘दान्ना’ म्हणत. हा शब्द मूळचा आपल्याकडचा. संस्कृतमधील ‘दान’ बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेले. भिक्षुसंघाला दान देणारा असा त्याचा अर्थ होता, आणि कालांतराने तोच शब्द घरधनी व आश्रयदाता यांना लागला. गोमंतकात कलावंतिणीच्या आश्रयदात्याला ‘यजमान’ म्हणत. यज्ञाचा खर्च करणारा तो यजमान. दोन दूरच्या समाजांनी एकाच प्रकारच्या पुरुषाला नाव देताना धर्मकार्याच्या कोशातूनच शब्द उचलला, ही गोष्ट त्या व्यवहाराविषयी बरेच सांगून जाते.

गोमंतकातील कलावंतांचा इतिहास देवळांच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, साष्टी आणि बारदेश येथील देवालये पाडली, तेव्हा अनेक दैवते रातोरात नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेण्यात आली. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही स्थाने त्या स्थलांतरातून उभी राहिली. अंत्रुज पोर्तुगीजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकात, १७६३ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि या देवळांचे उत्सव, पालख्या व त्यांपुढील गायन-नर्तन चालू राहिले. त्याआधी आपल्या जुन्या प्रदेशात पोर्तुगीज शासनाने नर्तकींना मज्जाव करणारे हुकूम वारंवार काढले होते. एकच हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो तेव्हा तो पाळला जात नव्हता, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो. पोर्तुगीज या स्त्रियांना ‘बैलादैरा’ म्हणत. त्यावरून फ्रेंच भाषेत ‘बायादेर’ हा शब्द गेला, आणि १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे त्या नावाचा नृत्यनाट्यप्रयोग रंगभूमीवर आला. त्यातील नायिकेचा अंत्रुजातल्या हाडामांसाच्या स्त्रीशी संबंध नावापुरताही उरला नव्हता. पुढे १९०४ मध्ये पुच्चीनीच्या संगीतिकेने जपानी गेइशाच्या बाबतीत युरोपात हेच केले.

देवळाच्या सेवेत असलेल्या स्त्रियांत अनेक थर होते. दिवाबत्ती, झाडलोट करणाऱ्या भाविणी निराळ्या, आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंत निराळ्या. कलावंत स्वतःला भाविणींहून वरच्या समजत, आणि कला हेच त्या वरचढपणाचे प्रमाण मानत. योशिवाऱ्यातील गेइशाने गणिकेपासून स्वतःला वेगळे काढले ते याच युक्तिवादाने. कलावंताच्या घरी मुलगी वयात येताना ‘शेंस’ नावाचा विधी होई. तो लग्नासारखाच असे. मात्र नवऱ्याच्या जागी पुरुषाचा वेश केलेली दुसरी मुलगी उभी राही. या विधीनंतर तिला वैधव्य नव्हते आणि कोणाची धर्मपत्नी होण्याचा मार्गही नव्हता. घर आईकडून मुलीकडे जाई. इतरत्र मुलगी जन्मली म्हणून चेहरे पडत असता या घरांत तिचे स्वागत होई. पण ज्या कारणासाठी ते होई, त्याविषयी तिला कोणी विचारलेले नसे. यजमानापासून झालेल्या मुलांना बापाचे नाव मिळत नसे, त्याच्या संपत्तीवर हक्क नसे आणि त्याच्या पंक्तीत पान नसे.

क्योतो आणि अंत्रुज यांच्यातील खरा भेद शिक्षणाच्या व्यवस्थेत आहे. जपानमध्ये १८७२ साली शासनाने गणिका आणि गेइशा यांना करारबंधनातून मुक्त करणारा आदेश काढला. राजधानी तोक्योला गेल्यामुळे क्योतो शहर त्या वेळी ओसाड पडू लागले होते. त्याच वर्षी तेथे भरलेल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने गिओन वस्तीतील गेइशांचे सार्वजनिक नृत्य, ‘मियाको ओदोरी’, सुरू झाले. त्याची बांधणी इनोउए घराण्याच्या प्रमुख नृत्यगुरू तिसऱ्या याचियो यांनी केली. त्या स्वतः स्त्री होत्या. त्याच दशकात वस्तीतील स्त्रियांसाठी शिक्षणसंस्था निघाली, आणि तिचा वारसा चालविणारी शाळा आजही आहे. म्हणजे बंधमुक्तीचा हुकूम आला तेव्हा या व्यवसायाने मोडून पडण्याऐवजी शाळा, नोंदणी, वार्षिक प्रयोग आणि स्त्री-गुरूंची परंपरा यांचा आधार घेतला.

कलावंतांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्याकडे घर होते. मुलीच्या कानावर पहिले सूर पडत ते आईचे आणि मावशीचे. सारंगी आणि तबला घरातील किंवा शेजारच्या घरातील पुरुष वाजवीत, कारण समाजातील मुलग्यांचा धंदा साथसंगतीचा. लयीचे गणित ज्यांनी हातापायांच्या बोटांवर खेळविले ते लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर याच परंपरेतून आले. पदे, होरी, ठुमरी, टप्पा आणि अभिनयासह सादर करावयाची गीते यांचा साठा घरातच मिळे. परंतु ख्यालगायकीची भारदस्त विद्या गोमंतकाबाहेर होती. ती उस्तादांच्या मालकीची होती, आणि उस्ताद ती आपल्या मर्जीने देत वा रोखत.

म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कलावंत घरांनी मुंबईची वाट धरली. मुंबईत धनिक श्रोते होते, उस्ताद होते, पुढे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या आल्या. गिरगाव परिसरात अनेक कलावंत कुटुंबांनी बिऱ्हाडे केली. अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांनी भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली. ऐन कीर्तीच्या काळात, १९२३ साली, त्यांनी मैफली थांबविल्या आणि उरलेले आयुष्य विद्यादानात घालविले. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे शिक्षण पाहिले म्हणजे या विद्येसाठी काय द्यावे लागे हे कळते. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँ, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे, पुढे मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले, असे गुरू बदलत गेले. प्रत्येक तालीम काही ना काही कारणाने खंडित झाली. १९२१ मध्ये अल्लादिया खाँ यांनी त्यांना गंडा बांधला तेव्हा त्या जवळजवळ २९ वर्षांच्या होत्या. खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, ही तालीम चालली. ज्या वयात माइकोची गळपट्टी पांढरी होऊन वर्षे लोटलेली असत, त्या वयात केसरबाईंनी मुळापासून स्वर लावावयास आरंभ केला. आणि हा सर्व खर्च उभा करण्याची जबाबदारी शिष्येवर होती.

मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांची वाट याहून खडतर होती. आईने त्यांना गायिका करावयाचे ठरविले आणि नाटकमंडळीत घातले. मोगूबाई दहा वर्षांच्या असतानाच ती वारली. सांगलीला त्या रियाज करीत असता अल्लादिया खाँ यांनी तो ऐकला आणि आपण होऊन शिकविण्यास प्रारंभ केला. पण खाँसाहेब मुंबईस गेले, आणि त्यांच्या मागोमाग गेलेल्या मोगूबाईंना ते दार लगेच उघडले नाही. त्यांनी आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे काही काळ तालीम घेतली, नंतर अल्लादिया खाँ यांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले, तेही थांबले. अखेर १९३४ मध्ये त्या अल्लादिया खाँ यांच्या रीतसर शिष्या झाल्या. गिओनमधील मुलीला घर बदलता येत नसे, कर्ज टाळता येत नसे. मात्र तिला गुरू मिळेल की नाही हा प्रश्न कधी पडला नाही. मोगूबाईंना घर सोडता आले, गाव सोडता आले. गुरूसाठी पंधरा वर्षे थांबावे लागले.

याच काळात समाजाच्या आतून सुधारणेचा आवाज उठला. तो बाहेरून आलेल्या उपदेशकांचा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. राजाराम पैंगीणकर हे स्वतः कलावंत घरात जन्मलेले. शेंस बंद व्हावा, मुलींची लग्ने व्हावीत, मुलांना शाळेत घालावे यांसाठी त्यांनी गावोगाव फिरून प्रयत्न केले. पुढे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘मी कोण?’ असे नाव दिले. हा वेदान्तातील प्रश्न त्यांच्या लेखणीत अगदी ऐहिक होऊन येतो : बापाचे नाव विचारले असता काय सांगावे? १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत ‘गोमंतक मराठा समाज’ संघटित झाला. कलावंत, भाविणी, देवळी आणि इतर पोटभेद मिटवून सर्वांनी एकच नाव घ्यावे, असे ठरले. जुने नाव टाकून दिले गेले, आणि ते टाकण्यात कोणालाही खंत वाटली नाही. ब्रिटिश मुंबई इलाख्यात देवदासीरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला; तो गोव्याला लागू नव्हता. गोमंतकीयांनी आपला निर्णय त्याआधीच आणि आपला आपण घेतला होता.

या निर्णयाने कलेची विभागणी केली. ख्यालगायन मैफलीत आणि व्यासपीठावर नेता आले; त्यात शब्दांपेक्षा स्वर प्रधान आणि देहाला फारसे काम नाही. हिराबाई बडोदेकर यांनी हातवारे टाळून, साधेपणाने बसून, तिकीट लावलेल्या जलशांत गाण्याचा जो प्रघात पाडला तो नव्या अभिरुचीला मानवला. नाटकाकडेही वाट होतीच. मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या येसूबाईंचे पुत्र दीनानाथ यांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळीच्या उभारणीत भाग घेतला, आणि गावच्या दैवतावरून मंगेशकर हे आडनाव धारण केले. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात गोमंतकातून आलेल्या ज्योत्स्ना भोळे यांनी भूमिका केली, तेव्हा स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे सभ्य समाजाला पटू लागले होते. मागे पडले ते नृत्य, आणि त्याच्याबरोबर बसून करावयाचा अभिनय, पालखीपुढची गीते, उत्सवांचे विशिष्ट क्रम. ते जाणणाऱ्या स्त्रियांनी ते मुलींना शिकविले नाही. तमिळनाडूत मंदिरनृत्याला नवे नाव आणि नवे साधक लाभले. गोमंतकात कोणी ते उचलले नाही. ज्या नृत्यामुळे पोर्तुगीजांनी या स्त्रियांना ओळखले आणि युरोपने त्यांची स्वप्ने पाहिली, त्याची आज पूर्ण मांडणी करता येईल असा आधार उरलेला नाही. हे नुकसान आहे. परंतु ज्या आयांनी ते पत्करले त्यांनी समजून-उमजून पत्करले, हेही लिहिले पाहिजे. मुलीच्या पायांतून चाळ काढल्याशिवाय तिच्या हाती पाटी येणार नाही, असा त्यांचा अनुभव होता.

जपानने उलट निवड केली. वेश, वस्ती, नावे, विधी आणि क्रम जपले. महायुद्धानंतर सक्तीच्या शिक्षणाचे व बालकल्याणाचे कायदे आले आणि लहान मुली दाखल करण्याची प्रथा संपली. १९५६ मध्ये वेश्याव्यवसायविरोधी कायदा झाला आणि गेइशा त्याच्या बाहेर राहिल्या. आता मुलगी शालेय शिक्षण संपवून स्वेच्छेने येते. तरीही जुना वाद मिटलेला नाही. १९९७ मध्ये एका अमेरिकन लेखकाची गेइशाजीवनावरील कादंबरी जगभर गाजली, तेव्हा त्याला माहिती देणाऱ्या निवृत्त गेइशा मिनेको इवासाकी यांनी आपल्या जीवनाचा विपर्यास झाल्याची तक्रार घेऊन न्यायालयात धाव घेतली आणि स्वतःचे आत्मचरित्र लिहिले. २०२२ मध्ये एका माजी माइकोने अल्पवयात मद्य घ्यावे लागल्याचे व पाहुण्यांच्या वर्तनाचे अनुभव जाहीर केले, आणि जपतो आहोत ते नेमके काय, हा प्रश्न जपानी समाजापुढे पुन्हा उभा राहिला.

गोमंतकीय गायिकांच्या नावांकडे पाहिले तर त्यांचा इतिहास तेथेही वाचता येतो. बापाचे नाव लावता येत नव्हते, नवऱ्याचे नव्हते. म्हणून गाव लावले. केरीच्या केरकर, कुर्डीच्या कुर्डीकर. घराण्याच्या वंशावळीत मात्र या गायिकांच्या आधी येतात ती उस्तादांची नावे. पहिला सूर देणाऱ्या आया त्या वंशावळीत नाहीत. कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरले म्हणजे घरांची जोती काही दिवस उघडी पडतात. मोगूबाईंना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी ही विद्या पुढच्या पिढीत नेली. केसरबाईंना कलकत्त्यात ‘सूरश्री’ हा किताब दिला गेला आणि १९६९ मध्ये पद्मभूषण. त्यांनी आपले गाणे रीतसर शिकविले ते धोंडूताई कुलकर्णी यांना. त्या कलावंत समाजातल्या नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या जी विद्या मिळविण्यासाठी कलावंतांनी उस्तादांच्या दारी बसावे, ती आता कलावंत स्त्रीच्या दारी बसून इतरांनी घ्यावी, इतका पालट एका आयुष्यात झाला. ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर यान अंतराळात झेपावले; त्यातील तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. त्यानंतर अकराव्या दिवशी केसरबाई निवर्तल्या.

‘कलावंत’ हा शब्द समाजाने टाकला तो त्याला चिकटलेल्या अवहेलनेमुळे. पण त्याच समाजातील स्त्रियांच्या गाण्याने विसाव्या शतकात त्या शब्दाला इतकी प्रतिष्ठा आणली की तो सर्वांना हवासा झाला. गेइशा हा शब्द आपल्या जागी राहिला आणि त्याबरोबर त्याचा इतिहासही राहिला. कलावंत हा शब्द सर्वांचा झाला आणि त्याचा इतिहास एकट्या त्या स्त्रियांकडे उरला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने जुन्या देवस्थानांच्या कागदांत, प्रवासवर्णनांत किंवा आत्मचरित्रांत ‘कलावंत’ असे वाचले, की तेथे आजचा अर्थ लावून पुढे जाऊ नये. तेथे बहुधा एक स्त्री उभी आहे, जिच्या नावाची नोंद झालेली नाही, आणि जिच्या घरी संध्याकाळी सारंगी जुळविली जात होती.